हिरवे पान आणि रक्त पातळ करणारी गोळी

पावसाळा सुरू झाला की रायगडाच्या पायथ्याशी, आमच्या पाचाड परिसरात टाकळा उगवतो; मागोमाग कुरडू, भारंगी येतात. घरोघरी रानभाज्या शिजू लागतात. काही ज्येष्ठांनी मात्र या दिवसांत थोडे सावध असावे.

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषते. त्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू बाहेर पडतो आणि सुटलेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जातात. यातून साठलेल्या रासायनिक ऊर्जेवर वनस्पती कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवते. या वाहकांपैकी एक म्हणजे ‘के-१’ जीवनसत्त्व. म्हणूनच ते हिरव्या पानांत विपुल असते.

आपले यकृत याच जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठवणारे काही घटक तयार करते. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना दिली जाणारी वॉरफॅरिन किंवा असेनोकुमॅरॉल ही गोळी नेमके हे कार्य रोखते. एकाएकी रोज भरपूर पालेभाजी खाल्ली, तर गोळीचा प्रभाव घटून गुठळीचा धोका वाढतो. एकदम बंद केली, तर रक्तस्रावाचा.

म्हणून पालेभाजी सोडू नये. प्रमाण बाराही महिने साधारण सारखे ठेवावे. आहार बदलल्यास डॉक्टरांना सांगून पीटी-आयएनआर तपासावे. मात्रा स्वतः बदलू नये. ॲस्पिरिन वा ॲपिक्साबॅन घेणाऱ्यांना हे पथ्य नाही. तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांनी गोळीचे नाव आधी पाहावे. शौचाला काळे होणे, डोक्याला मार लागणे किंवा अचानक जीभ अडखळणे, यांपैकी काहीही घडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.