इंग्रजीचा वर्ग आणि कोरा कागद

सुरतेच्या बमरोली-पांडेसरा भागात यंत्रमागांवर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबांतील मुले आता महाविद्यालयांत येऊ लागली आहेत. इंग्रजी विषय घेणाऱ्यांच्या पदरी बहुधा शेक्सपियरवरील तयार टिपणे पडतात. स्वतःचे पानभर लिहिण्याचा प्रसंग क्वचितच. भाषेच्या अभ्यासाबरोबर सर्जनशील लेखन शिकविणे ही चैन आहे, हे मत आम्हांस मान्य नाही. कोकणचे विंदा करंदीकर (ज्ञानपीठ, 2003) आणि खानदेशचे भालचंद्र नेमाडे (2014) हे दोघेही इंग्रजीचे अध्यापक. कीर्ती मिळाली ती मराठी लेखनाने. हा मेळ त्यांनी स्वतःच्या बळावर घातला. ज्या नर्मदाचे नाव सुरतेचे विद्यापीठ अभिमानाने मिरविते, तो तर 1858 मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून केवळ लेखणीच्या आधारे जगावयास निघाला होता! लेखक वर्गात घडत नाही, हा आक्षेप खरा. परंतु घरातील अहिराणी आणि मागांचा खडखडाट इंग्रजी वाक्यात उतरविताना जी भाषा कळते, ती टिपणांतून कळत नाही. पदवीला लेखनाची एक सक्तीची प्रश्नपत्रिका असावी. परीक्षक कोठून आणावयाचे, ही अडचण मात्र खरी. ज्याने जन्मात एक कथा लिहिली नाही, त्याच्या हाती ती वही देऊ नये.