बंद घरं मोजायला कोण शिकवणार?

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गटाने एका वस्तीत सर्वेक्षण केलं. ४० घरं. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो, तर २९च कुटुंबं भेटली. बाकीच्या ११ घरांना कुलूप होतं किंवा नवे भाडेकरू आले होते. मी एक्सेलमधल्या त्या ११ ओळी काढून टाकल्या, सरासरी काढली आणि ‘वस्तीचं उत्पन्न वाढलं’ असं लिहून मोकळी झाले. सादरीकरणाला टाळ्याही पडल्या.

नंतर तिथल्या किराणा दुकानातल्या काकू सहज म्हणाल्या, “अगं, गेले त्यांना भाडंच परवडेना.” म्हणजे वस्ती सुधारली नव्हती, गरीब माणसं माझ्या तक्त्यातून निघून गेली होती. हरवलेल्या मेंढराची गोष्ट असेंब्लीत कितीदा ऐकली असेल; नेमकी तेव्हा आठवली नाही.

चूक माझीच. पण समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकतो ते एका दिवशी काढलेला फोटो वाचायला. तीच माणसं वर्षानुवर्षं कशी बदलतात, हे आकड्यांत कसं मांडायचं, ते राहूनच जातं.

वास्तविक असं काम आपल्या शेजारीच झालंय. हैदराबादजवळच्या पाटणचेरूतल्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ साली महबूबनगर, सोलापूर आणि अकोला या जिल्ह्यांतली प्रत्येकी दोन गावं निवडली, प्रत्येक गावात ४० कुटुंबं. माहिती घेणारे गावातच राहायचे आणि त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचे. यांपैकी तीन गावांच्या नोंदींवरून रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली दाखवलं, की एखाद्या घराचं उत्पन्न खूप वरखाली झालं, तरी त्या घराचा खाण्यापिण्याचा खर्च तेवढा हलत नाही. एका फेरीत हे कधीच कळलं नसतं.

पण अशा नोंदी वाचायचं शिक्षण हवं. ४० कुटुंबं १० वर्षं पाहिली, की तक्त्यात ४०० ओळी होतात. ती ४०० कुटुंबं नव्हेत. एकाच घराच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्या सुट्या धरल्या, तर आपण नको तितक्या खात्रीने बोलायला लागतो. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक घराची सुरुवात वेगळी, बदलाचा वेगही वेगळा धरावा लागतो. दोन घरांमधला फरक आणि एकाच घरात काळानुसार पडलेला फरक, यांची गल्लत चालत नाही. आणि सगळ्यात आधी विचारायचं : गळालं कोण? त्यांची पहिल्या फेरीची नोंद आपल्याकडे असतेच. मी तेवढी जरी पाहिली असती!

हे दोन दिवसांच्या कार्यशाळेत, प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटोत जमणारं नाही. एक अख्खं सत्र, एकच आकडेवारी आणि चुका करायला मुभा, एवढं महाविद्यालयाने द्यावं असं मला वाटतं.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण एका माणसाची गोष्ट शेवटपर्यंत सोडायची नाही, ही सवय कादंबरी वाचणाऱ्यांना असते. संख्याशास्त्राच्या वर्गात तीच तर लागते.

आमचे कागदी फॉर्म अजून कपाटात आहेत. या सुट्टीत ११ ओळी परत भरणार आहे. कुणी सोबत येणार का?