आधी दात मोजा!

वर्कशॉपमागच्या जुन्या डिझेल व्हॅनला फोर-व्हील ड्राइव्ह करायचं, असं हॉस्टेलमध्ये घाटतंय. माझं मत, जरूर करूया, पण हिशोबाने!

ट्रान्सफर केस आणि पुढचा अ‍ॅक्सल भंगारात मिळेलही. पण पुढच्या डिफरन्शियलचा रेशो 4.11 आणि मागचा 3.73 निघाला, तर मागचं चाक 100 फेरे घेताना पुढचं 91च घेणार. चिखलात चाकं घसरून निभावेल. डांबरी रस्त्यावर मात्र सगळा ताण गिअरवर येईल आणि ते तुटतील. आत बसलेले असतील आपलेच मित्र.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. म्हणजे गाडी कॅम्पसबाहेर काढायचीच नाही.

तेव्हा मित्रांनो, आधी ब्रेक आणि स्टिअरिंग दुरुस्त करा. मग दोन्ही डिफरन्शियल उघडून दात मोजा. वेल्डिंग त्यानंतर!