आधी आरसी, मग ग्राइंडर

काँटेसाचे पुढचे फेंडर बाहेर काढून द्या, रुंद टायर बसवायचेत, असे म्हणणारे गिऱ्हाईक आता फक्त मुंबई-पुण्याला भेटते असे नाही. यवतमाळ, पुसद, वणीच्या डेंटरपुढेही हे काम येते. गाडी कधी काँटेसा असते, तर बऱ्याचदा सरकारी लिलावातून घरात आलेली जुनी महिंद्रा जीप. पैसे बरे मिळतात, हातातली कला दाखवता येते, पोरे मोबाइलवर फोटो काढतात. तरीही आमचे मत सरळ आहे: गाडीचा मूळ फेंडर कापू नये.

ही हौस मूळची अमेरिकेतली. १९६४च्या पाँटिॲक जीटीओपासून जी मसल कारची लाट आली, त्या गाड्यांची इंजिने अफाट आणि टायर मात्र आजच्या मानाने अरुंद होते. चाकावरची कमान त्या टायरच्या मापाने दाबलेली. आज त्याच गाडीला सतरा-अठरा इंची रिम आणि रुंद रेडियल घालायचा म्हटले की पत्रा आड येतो. आपल्याकडे ‘मसल कार’ हे बिरूद काँटेसाला चिकटले. हिंदुस्थान मोटर्सने १९८४मध्ये व्हॉक्सहॉलच्या साच्यावर ती काढली, पण सुरुवातीला इंजिन होते ॲम्बेसेडरचेच, १४८९ सीसीचे. म्हणजे मसल होते ते पत्र्यात! इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन नंतर आले.

आता कामाकडे. मागचा फेंडर रुंद करणे त्या मानाने सोपे, कारण मागचे चाक फक्त वरखाली होते. पुढचे चाक वळतेही. गाडी सरळ उभी करून टायर आणि पत्रा यांत बोटभर जागा आहे म्हणून खूश होणारा मिस्त्री पहिल्याच खड्ड्यात फसतो. माप घ्यायचे ते स्प्रिंग काढून, जॅकने चाक पार वरपर्यंत नेऊन, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण लॉकवर फिरवून. घासण्याची खरी जागा बहुधा कमानीच्या माथ्यावर नसते, ती दरवाजाकडच्या खालच्या कोपऱ्यात आणि बंपरच्या टोकाशी असते.

कमानीची आतली घडी हॉट एअर गनने रंग गरम करून रोलरने वर दाबली तर थोडे मिलिमीटर मिळतात, आणि अनेकदा तेवढ्यावर भागते. त्याहून जास्त हवे असेल तर कापाकापी आली. इथे खुबी अशी, की फेंडरची मागची कड दरवाजाला आणि पुढची कड हेडलाइटला मिळालीच पाहिजे. त्यामुळे रुंदी चाकाच्या मध्यावर सर्वाधिक आणि दोन्ही टोकांना शून्य. घालायची पट्टी सरळ नसते, ती मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती असते. पुठ्ठ्याचा फर्मा आधी करावा आणि डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी कापाव्यात. एक बाजू पूर्ण करून दुसरी ‘तशीच’ करायला जाल तर गाडी समोरून तिरळी दिसेल.

जोड समोरासमोर द्यावा, एकावर एक चढवून नको. टाके लांब लांब मारावेत, एका जागी उष्णता साठू देऊ नये. वेल्डिंग थंड होताना आवळते आणि पत्रा खाली ओढते. तो हातोडी-डॉलीने टाक्यावर ठोकून परत ताणावा लागतो. मिगचा टाका कडक, ठोकायला जड. गॅसचा टाका मऊ. गॅस वेल्डिंगवर हात बसलेल्या जुन्या डेंटरांना नव्या मशीनच्या नादात कमी लेखू नका. आणि उरलेला खड्डा पुट्टीने भरण्याची सवय सोडा. दोन-तीन मिलिमीटरपलीकडची पुट्टी यवतमाळचा मे महिना फार काळ सोसत नाही.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्यावर रुंद टायर जास्त चिखल उडवतो, आणि तो जाऊन बसतो नव्या फुगवट्याच्या आतल्या खोबणीत. ही माती पाणी धरून ठेवते. चढवलेला जोड असेल तर गंज आतून सुरू होतो आणि रंगावर फोड दिसेपर्यंत पत्रा जाळीदार झालेला असतो. खोबणीला उतार आणि खाली निचऱ्याचे भोक हवेच. शिवाय बाहेर काढलेल्या चाकामुळे बेअरिंगवर ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

कायदा तर त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

पण मालकाला दंडापेक्षा ज्याची हळहळ वाटेल ते निराळेच आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणीची वाट मोकळी केली, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी दिली. अट एकच मोठी: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार नको. पहिल्या काँटेसा २०३४मध्ये पन्नाशीला येतील. सत्तरच्या दशकातल्या कित्येक जीप तर आलेल्याच आहेत. म्हणजे अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली एखादी सीजे-३बी जीप आज या नोंदणीच्या उंबरठ्यावर असेल, आणि आपण अर्ध्या दिवसात ग्राइंडरने तिची ही वाट बंद करू.

मग गिऱ्हाइकाला हात हलवत परत पाठवायचे? नाही. जीपचे किंवा ॲम्बेसेडरचे पुढचे फेंडर बोल्टवर असतात. मूळ जोडी उतरवून ठेवावी आणि नव्या पत्र्यातून किंवा भंगारातल्या जोडीतून रुंद फेंडर बनवून द्यावेत. कला तीच, मजुरी थोडी जास्तच. बोल्टवर बसवले म्हणून ते रस्त्यावर कायदेशीर होतात असे मात्र नाही. स्वतःच्या शेतात, प्रदर्शनात, बंद मैदानातल्या स्पर्धेत चालवायच्या गाडीसाठीच हे काम घ्यावे. जिथे फेंडर वेल्डिंगने बॉडीला जोडलेला असेल, तिथे आतली घडी दाबण्यापलीकडे जाऊ नये, मालक कितीही पैसे देवो.

उतरवलेल्या मूळ फेंडरला आतून प्राइमर मारा, बोल्ट पिशवीत घालून त्यालाच बांधा. ते दुकानात पडले की भंगारवाल्याकडे जातात, म्हणून त्याच दिवशी मालकाच्या घरी पोचवा. गाडी घेताना आरसी बघून पहिल्या नोंदणीची तारीख जॉबकार्डावर टिपा, आणि ‘मूळ जोडी परत दिली’ असे त्यावर लिहून मालकाची सही घ्या.