एक तरी जपून ठेवा!

बालमित्रांनो, आणि आमचे भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

आपल्या पेणमध्ये दरवर्षी गणपतीच्या हजारो मूर्ती तयार होतात. कुणाचा बाप्पा दीड दिवसाचा, तर कुणाचा दहा दिवसांचा. मग विसर्जन होते. वाईट वाटते, पण पुढच्या वर्षी बाप्पा येणार हे ठाऊक असते, कारण कारखान्यात साचा असतो. कारागीर मूर्ती विकतो, साचा विकत नाही. लढाईतल्या जुन्या यंत्रांचेही असेच करावे, असे माझे मत आहे. सगळी ठेवता येणार नाहीत, पण प्रत्येक जातीचे एक तरी ठेवावे.

आता विक्रांतचेच बघा. ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका, लांबी सुमारे ७०० फूट. १९६१ साली ती नौदलात आली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार इथे हल्ले केले. १९९७ साली ती निवृत्त झाली. २००१ ते २०१२ ती मुंबईत तरंगते संग्रहालय होती. पुढे सांभाळायचा खर्च झेपेना, म्हणून २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात गेली! तिच्या काही पोलादातून पुढे मोटरसायकली झाल्या. मुंबई आपल्याला जवळ. सकाळी एस.टी.त बसलो की दुपारच्या आत पोचतो. पण आता गेलो तरी विक्रांत दिसणार कुठे? २०२२ साली कोचीला बांधलेली नवी विक्रांत नौदलात आली, त्याचा अभिमान आहेच. पण आजोबांचे नाव नातवाला ठेवले म्हणून आजोबांचा फोटो कोणी फेकून देतो काय?

विक्रांतवरच्या विमानांचे नशीब मात्र चांगले. आपल्या पेणवरून जो मुंबई-गोवा रस्ता जातो, त्याने थेट गोव्यात गेले की वास्कोजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक आहे, पाणबुड्या शोधणारे अलिझे आहे. बगळा पंख मिटतो तसे या विमानांचे पंख मिटत असत, म्हणजे बोटीत कमी जागा लागे.

रणगाडे बघायचे तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जायचे. तिथले रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. रोल्स रॉईसच्या आलिशान मोटारीवर पोलादी पत्रे चढवून केलेली चिलखती गाडी तिथे आहे. पाकिस्तानचा पॅटन आहे आणि आपला विजयंताही आहे.

काही मोठी माणसे म्हणतात, "पोरांना लढाईची यंत्रे कशाला दाखवायची? मारामारी शिकतील." मला उलट वाटते. सिनेमात रणगाडा खेळण्यासारखा वाटतो. खऱ्या रणगाड्यापुढे उभे राहिले की आतली जागा किती अडचणीची ते कळते, आणि आत माणसे बसत होती हेही कळते. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल अवघे २१ वर्षांचे होते. पूना हॉर्स ही त्यांची पलटण. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली. रणगाडा सोडा, असा हुकूम आला. पण तोफ अजून चालते आहे, म्हणून ते लढत राहिले आणि तिथेच शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचा तो 'फामागुस्ता' रणगाडा नगरच्या लष्करी केंद्रात जपून ठेवला आहे. असे यंत्र बघून कोणाला मारामारी करावीशी वाटेल? उलट, लढाईला काय किंमत पडते ते समजेल.

खर्च होतो, हे खरे. पण म्हणूनच सगळे नको, एकच ठेवा म्हणतो. कापलेली बोट पुन्हा जोडता येत नाही.

गुरुजींना आणि पालकांना विनंती आहे, की यंदाची सहल नगरला न्यावी. बघणारे गेले, तरच ठेवणारे ठेवतील.

जय हिंद!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी