आधी चाळणी, मग सुई

तीन वर्षांपूर्वी माझ्या पीएसएचा आकडा ६ आला. लगेच बायॉप्सी. प्रोस्टेटमध्ये १२ सुया, मग दोन दिवस ताप, आणि निष्कर्ष काय? कर्करोग नाही! घरात पेढे वाटले, पण माझा राग गेला नाही. पीएसए वयोमानाने ग्रंथी वाढली तरी चढतो. ४ ते १० आकडा असलेल्यांत साधारण चौघांपैकी एकालाच कर्करोग निघतो. उरलेल्या तिघांचा गुन्हा काय?

प्रोस्टेटच्या पेशींच्या खुणा लघवीत उतरतात. त्या वाचणाऱ्या पीसीए३ चाचणीला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, तीही आधीची बायॉप्सी निर्दोष आलेल्यांसाठी. म्हणजे सुया टोचून झाल्यावर! मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली १८ जनुकांची चाचणी मांडली.

"लघवीची चाचणीही चुकेल," असं म्हणतात. चुकेल ना! पण पीएसए चुकत नाही? संशय पक्का असेल तर सुई हवीच. पण आधी चाळणी लावा. जन्मभर मास्तरकी केली, एका चाचणी परीक्षेवरून कुणाला नापास केलं नाही.

अशी चाचणी स्वस्त होऊन तालुक्याला पोचली पाहिजे. नाहीतर ती श्रीमंतांचीच सोय. आणि मित्रहो, लघवीचा त्रास लाजेपायी लपवू नका.