दुरुस्ती म्हणजे बदल नव्हे

पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या अंगणात गेले आठ महिने एका पिकअप गाडीचे इंजिन सुटे होऊन पडले आहे. गाडी आहे 'एफसी १५०'. विलीज कंपनीने ती अमेरिकेत १९५६ साली आणली आणि पुढे महिंद्र कंपनीने परवान्याने आपल्याकडे बनवली. तिला पुढे नाक असे नाहीच. चालक आणि त्याचा शेजारी यांच्या मधोमध इंजिन बसवलेले. तिचे सध्याचे मालक एक निवृत्त गणित-शिक्षक आहेत. या वयात त्यांनी हातांना काळे फासून घेण्याचे कारण काय, हे शेजाऱ्यांना अद्याप उमगलेले नाही. प्रस्तुत लेखकालाही प्रारंभी ते खूळच वाटले होते.

परंतु दोन-चार रविवार तिथे घालवल्यावर मत पालटले. इंजिन तसे साधेच. चार सिलिंडर, क्षमता २,१९९ घनसेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंचांहूनही कमी आणि पिस्टनची धाव मात्र जवळजवळ साडेचार इंच. त्यामुळे वेग बेताचा, पण ओढ दांडगी. असे इंजिन खोलले की पहिले काम मोजण्याचे. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंगा क्षणभर थांबून दिशा बदलतात, उष्णता सर्वांत जास्त असते आणि तेल सर्वांत कमी पोहोचते, तिथे झीज अधिक. तळाशी ती नाममात्र. म्हणजे नळा वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता होतो. शिवाय पिस्टन दोन बाजूंना अधिक रेटला जात असल्याने तो वर्तुळाकारही राहत नाही. मास्तर एकेक सिलिंडर तीन उंचींवर, उभा आणि आडवा असा मोजून वहीत आकडे लिहितात. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर खुणा करून ठेवलेल्या आहेत. कारण प्रत्येक टोपी आपल्याच रॉडशी जोडून कोरलेली असते, एकीची दुसरीला चालत नाही. सिलिंडर बोअर करणे आणि क्रँक घासून घेणे ही कामे मात्र घरी होत नाहीत. त्यांसाठी लेथवाल्याकडेच जावे लागते आणि तिथे मास्तर विद्यार्थी होऊन मुकाट्याने उभे राहतात.

या गाड्यांसाठी पिस्टन मूळ मापापेक्षा ठरावीक हजारांश इंचांनी मोठे असेही मिळत आणि बेअरिंगे त्याच हिशेबाने लहान मापाचीही मिळत. याचा अर्थ उघड आहे. इंजिन झिजेल, ते खोलले जाईल, बोअर करून पुन्हा बांधले जाईल आणि हे एकदा नव्हे, अनेकदा घडेल, हे बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरले होते. पुन्हा बांधले जाणे हा त्या यंत्राच्या मूळ स्वरूपाचाच भाग आहे.

आता सरकारी व्याख्या पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याचे मोठे 'ओव्हरहॉल' झालेले नसावे. नियमकर्त्यांचा रोख सांगाडा, बॉडी वा इंजिन बदलून टाकण्यावर आहे, हे समजण्यासारखे आहे. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे कित्येक जुन्या जीपगाड्यांतील मूळ इंजिने काढून तिथे डिझेलची बसवली गेली; त्यांना मूळ स्वरूपातील म्हणणे हास्यास्पदच ठरेल. पण गॅरेजच्या भाषेत ओव्हरहॉल म्हणजे मास्तर जे करीत आहेत नेमके तेच : झिजलेले भाग काढून यंत्र कारखान्याने ठरवलेल्या मापांवर परत आणणे. ५० वर्षांत ज्याचे इंजिन एकदाही खोलले गेले नाही असे वाहन एक तर कधी चाललेच नसेल किंवा बंद पडून गंजत असेल. या एका शब्दाचा अर्थ लावणे टेबलामागच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले, तर तो जपणाऱ्याच्याच अंगावर येण्याचा संभव आहे.

जुनी इंजिने धूर ओकतात, हा आक्षेप खोटा नाही. नव्या रिंगांनी तेल जळण्याचा निळा धूर थांबेल. परंतु कार्ब्युरेटरवर चालणारे हे इंजिन आजच्या गाडीइतके स्वच्छ कधीही होणार नाही. म्हणून अशा गाड्या नित्य वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणू नयेत, हे त्याच नियमातील बंधन योग्यच आहे. ओझे वाहण्यासाठी जन्मलेल्या पिकअपला ते बोचेल, एवढेच.

दुरुस्तीच्या हक्काची भाषा आपले सरकारही बोलते. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली त्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनेही घेतली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच्या दहा वर्षे आधी वाहनांपुरता तसा कायदाच केला होता. मास्तरांच्या टेबलावरील जुन्या दुरुस्ती-पुस्तिकेत प्रत्येक फट, प्रत्येक बोल्टचा आवळ छापलेला आहे. तीवरून गणिताचा शिक्षक इंजिन शिकू शकला. आजची गाडी विकत घेणाऱ्याच्या हाती अशी पुस्तिका सहसा पडत नाही. ती मिळावी, आणि 'ओव्हरहॉल' या शब्दाखाली झिजेची दुरुस्ती येत नाही असे दोन ओळींचे स्पष्टीकरण नियमाला जोडावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

क्रँक अजून लेथवाल्याकडून यायचा आहे. वाड्यात येणाऱ्या दोन मुलांनी स्फोटांचा क्रम, १-३-४-२, भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे. इंजिन दिवाळीपर्यंत सुरू होईल असा मास्तरांचा अंदाज आहे. नोंदणीच्या अर्जात त्याविषयी काय लिहावे, हे मात्र त्यांनी अद्याप ठरवलेले नाही.